अपेक्षा न ठेवता पाहिलेला खुळचट विज्ञानपट: आवडला, पण कशामुळे?

तिसरे_गेट

गेल्या आठवड्यात बेळगावात पावसाने सलग चार दिवस उसंत दिली नाही. शनिवारी रात्री जेवणे लवकर आटोपली आणि ‘डोक्याला ताप नको, काहीतरी हलकेफुलके लाव’ असे बहिणीने सांगितल्यामुळे भाच्याने २००१ सालचा ‘इव्होल्यूशन’ हा इंग्रजी चित्रपट लावला. पोस्टरवरचा तीन डोळ्यांचा हसरा चेहरा पाहूनच मी उशी ओढून आडवा झालो. अर्ध्या तासात झोप लागेल, असा माझा हिशेब होता. अॅरिझोनाच्या वाळवंटात एक उल्का पडते, तिच्यातून निघालेले एकपेशीय जीव काही तासांतच बहुपेशीय होतात, काही दिवसांत त्यांचे राक्षसी प्राणी होतात, आणि एका लहानशा कॉलेजातले दोन शिक्षक सैन्याच्या आधी हे कोडे सोडवायला निघतात, एवढीच कथा आहे.

वडील कोपऱ्यातल्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी बत्तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले आहे आणि असल्या चित्रपटांकडे ते मान वळवूनही पाहत नाहीत. परंतु उत्तरार्धात, कार्बनवर उभ्या असलेल्या आपल्या जीवसृष्टीला आर्सेनिक विषारी असते, तर नायट्रोजनवर उभ्या असलेल्या या परग्रहवासीयांना आवर्तसारणीत तितक्याच अंतरावर असलेले सेलेनियम विषारी ठरेल, असा तर्क पडद्यावर आला, तेव्हा ते म्हणाले, “थांबव रे जरा.” टेबलावर पडलेल्या एका लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यांनी पेन्सिलीने चार चौकोन काढले. कार्बन सहा, आर्सेनिक तेहेतीस. नायट्रोजन सात, सेलेनियम चौतीस. दोन्हीकडे फरक सत्तावीसचा, दोन्हीकडे दोन ओळी खाली आणि एक घर उजवीकडे. “बरोबर आहे की!” असे म्हणून ते थांबले, आणि हे सेलेनियम कोंड्यावरच्या शाम्पूमध्ये सापडते असे पुढे कळल्यावर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मला मात्र झोप लागली नाही.

माझा प्रश्न असा आहे: आम्हाला हा चित्रपट आवडला तो त्याच्या स्वतःच्या गुणांमुळे, की त्याच्याकडून आम्ही काहीच मागितले नव्हते म्हणून? आपण अशा चित्रपटांना जी सूट देतो, ती नेमकी कशाबद्दल देतो? आपले अनुभव सविस्तर लिहावेत.

राकसकोप

चार दिवस पावसाने घरात कोंडलेल्या माणसाला धरणाच्या पाणीपातळीची बातमीसुद्धा रंजक वाटते. प्रश्न निकाली काढावा.

औषधवाला_खानापूर

तिसरे_गेट, आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगावा. मी औषधांच्या दुकानात बसतो, त्यामुळे हा प्रसंग पाहताना मीही चित्रपट थांबवला होता.

सेलेनियम सल्फाइड हे कोंड्यावरचे जुने आणि खरे औषध आहे. ते काल्पनिक नाही. मात्र किराणा दुकानात माळेने लटकणाऱ्या शाम्पूच्या पुड्यांमध्ये बहुधा झिंक पायरिथिऑन असते, सेलेनियम नसते. ती उल्का अॅरिझोनाऐवजी खानापूरच्या जंगलात पडली असती, तर बाजारपेठेतल्या सगळ्या पुड्या फोडून ओतल्या असत्या तरी त्या प्राण्याचे केस तेवढे मऊ झाले असते. सेलेनियमच्या पाच-सहा बाटल्यांपलीकडे माझ्याकडे साठा नसतो. अग्निशामक दलाचा बंब भरायचा म्हटले, तर हुबळीहून माल मागवण्यात दोन दिवस गेले असते आणि तोवर जांबोटीपर्यंतचा मुलूख त्या प्राण्याच्या पोटात गेला असता.

शास्त्र म्हणून पाहिले तर तो तर्क टिकत नाही, हे नोंदवणे माझे कर्तव्य आहे. आर्सेनिक कार्बनपासून तिरके खाली बसते म्हणून विषारी नाही. ते प्रथिनांमधल्या गंधकाला चिकटून विकरांचे (एन्झाइम्सचे) काम बंद पाडते, आणि आर्सेनेटच्या रूपात फॉस्फेटची जागा बळकावून पेशीची ऊर्जा तयार होऊ देत नाही. सारणीतल्या तिरक्या उडीशी याचा काहीही संबंध नाही. तरीही मी हसलो, कारण उडी चुकीच्या कारणासाठी मारली असली तरी ती अचूक घरात पडली होती. लेखकाने सारणी उघडून पाहिली होती, एवढे कष्ट मला पुरेसे वाटले.

तिसरे_गेट

आपला प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. ते म्हणाले, “गंधकाचे मलाही ठाऊक आहे, पण एखाद्या मुलाने परीक्षेत असे उत्तर लिहिले असते, तर मी त्याला अर्धा गुण दिला असता.” आमच्या घराण्यात हा अर्धा गुण आजवर कोणालाही मिळालेला नाही, मलाही नाही.

लोंढा_जंक्शन

माझा या कौतुकाला विरोध आहे आणि तो मी स्पष्टपणे मांडतो. ‘अपेक्षा ठेवू नका, म्हणजे मजा येईल’ हा सल्ला मला खानावळीतल्या त्या वाढप्यासारखा वाटतो, जो ताट ठेवतानाच ‘आज आमटी पातळ झाली आहे’ असे सांगून मोकळा होतो. सांगितल्यामुळे आमटी दाट होत नाही.

हाच दिग्दर्शक, आयव्हन राइटमन, याने १९८४ साली भुते पकडणाऱ्या मंडळींवर ‘घोस्टबस्टर्स’ हा चित्रपट काढला होता. तोही खुळचटच आहे. परंतु त्यातल्या माणसांनी भुते पकडण्याचा धंदा काढलेला आहे, त्यांच्या डोक्यावर कर्ज आहे, सरकारी पर्यावरण खात्याची कटकट आहे, आणि त्या कटकटीतून विनोद निघतो. ‘इव्होल्यूशन’ मुळात गंभीर भयपट म्हणून लिहिला गेला होता आणि नंतर त्याचा विनोदी चित्रपट करण्यात आला, हे ठाऊक असेल तर त्याचे सांधे जागोजाग दिसतात. पहिल्या पाऊण तासातली गुहा, तिथले धुके, काचेवर पसरत जाणारे जीव हे सगळे त्या आधीच्या गंभीर चित्रपटाचे उरलेले सामान आहे आणि तोच भाग सर्वांत चांगला आहे. पुढे जे काही आहे ते शौचकूपाच्या पातळीवरचे विनोद आहेत. शेवटी शाम्पू त्या प्राण्याच्या शरीरात ज्या मार्गाने सोडतात, तो मार्ग मी इथे लिहू शकत नाही. तुम्ही तो वडिलांच्या शेजारी बसून कसा पाहिलात, हे मला समजून घ्यायचे आहे.

तिसरे_गेट

अवघडलो होतो, हे मान्य करतो. बहीण पाणी आणायला उठली. वडील मात्र निर्विकारपणे म्हणाले, “ही तर बस्ती. आयुर्वेदात आहे.” त्यानंतर अवघडण्यासारखे काही उरले नाही.

जुना_प्रेक्षक

मंडळी, तुम्ही सारे २००१ सालाबद्दल बोलत आहात. मी तुम्हाला १९६७ सालाकडे घेऊन जातो. त्या वर्षी दारासिंगाचा ‘चाँद पर चढाई’ हा चित्रपट आला होता. तो आमच्या गावाकडे पोहोचायला वर्ष उलटून गेले असावे. जत्रेत तंबूचे टॉकीज लागले होते, पुढे पोती अंथरून पुरुष आणि मुले, मागे बाकांवर बायका, आणि जनरेटरचा आवाज संवादांपेक्षा मोठा. दारासिंग यानात बसून चंद्रावर जातो आणि तिथल्या लोकांशी लढतो, यापलीकडची कथा आज मला आठवत नाही. चंद्रावर सगळे जण मोकळा श्वास घेत होते, हिंदी बोलत होते, आणि कोणालाही वजन कमी झाल्यासारखे वाटत नव्हते. तंबूतल्या एकाही माणसाने त्याबद्दल ब्र काढला नाही.

परंतु आमचा हा सगळा मुलूख कुस्तीचा. पोत्यावर बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांच्या अंगाला सकाळची तांबडी माती लागलेली असे. एका झटापटीत समोरचा गडी पकड बसण्याच्या आधीच आपण होऊन आडवा झाला, आणि अख्खा तंबू ओरडला: “सोडली! कुस्ती सोडली!” माझे चुलते तर उभे राहून पंचाला शोधू लागले. चंद्रावर हवा आहे हे त्यांनी निमूटपणे मान्य केले होते. नुरा कुस्ती ते मान्य करणार नव्हते. दारासिंगाने पुढच्याच प्रसंगात एकाला उचलून व्यवस्थित आपटला, तेव्हा शिट्ट्या वाजल्या आणि चुलते खाली बसले.

१९६९ च्या जुलैमध्ये माणूस खरोखर चंद्रावर उतरल्याची बातमी रेडिओवर आली, तेव्हा आमच्या आजीने विचारले, “मग आधी गेलेला तो पैलवान कुठं हाय?” तिला समजावून सांगण्यात आमची संध्याकाळ गेली, आणि शेवटपर्यंत तिला ते पटले असे मला वाटत नाही.

तिसरे_गेट यांच्या प्रश्नाला माझे उत्तर यातच आले. तुमच्या वडिलांनी त्या रात्री जे केले, तेच माझ्या चुलत्यांनी केले. सूट सगळ्याला मिळते. फक्त ज्याला जे येते, त्यात मिळत नाही.

राकसकोप

काका, चुलत्यांना पंच सापडला का?

जुना_प्रेक्षक

जनरेटरवाल्यालाच पंच ठरवून त्याला जाब विचारला होता.

शहापूरची_सून

जुना_प्रेक्षक काकांचे म्हणणे मला पटते, पण त्यात भाषेचाही एक भाग आहे. माझे माहेर धारवाडचे. आमच्या घरी सासूबाई मराठीतून हसतात, मी कन्नडमधून हसते आणि मुलगी हिंदीतून हसते, असे मी नेहमी म्हणते. परग्रहवासीयांवरचा असाच एक विनोदी चित्रपट आम्ही आधी हिंदीत डब केलेला पाहिला आणि पुढच्या आठवड्यात मूळ इंग्रजीत, खाली अक्षरे लावून पाहिला. हिंदीत प्रत्येक पात्राला कुठला तरी प्रांतीय हेल दिलेला होता आणि जिथे मूळ चित्रपटात शांतता होती, तिथे एकेक टोमणा घुसडलेला होता. सासूबाईंना तो फार आवडला. मूळ चित्रपटात नायक एका भयंकर प्राण्याकडे नुसता पाहत उभा राहतो, काहीच बोलत नाही, मला त्या न बोलण्याचे हसू आले, तर सासूबाई म्हणाल्या, “अगं, आवाज गेलाय काय बघ टीव्हीचा.”

त्यामुळे खुळचट म्हणून आपण जे नाकारतो, त्यातले कितीतरी डबिंग करणाऱ्यांनी वरून ओतलेले असते, असे माझे मत झाले आहे. लोंढा_जंक्शन यांनी कोणत्या भाषेत पाहिला, हे त्यांनी सांगितलेले नाही.

लोंढा_जंक्शन

इंग्रजीत पाहिला. आमटी मूळचीच पातळ होती.

नाट्यवेडी

मी हौशी नाटकांत कामे करते. १९९९ सालचा ‘गॅलेक्सी क्वेस्ट’ हा चित्रपट कोणी पाहिला आहे का? मी तो केवळ तालमीनंतर वेळ घालवायचा म्हणून, पाय वर घेऊन, भेळ खात पाहायला बसले होते.

बंद पडलेल्या एका अंतराळ-मालिकेतले नट वर्षानुवर्षे मेळाव्यांमध्ये आणि दुकानांच्या उद्घाटनांना तेच जुने पोशाख घालून उभे राहतात. अॅलन रिकमनने उभा केलेला नट मूळचा रंगभूमीवरचा आहे. डोक्यावर रबराचा मुखवटा चिकटवून तेच एक ठरलेले वाक्य लोकांना म्हणून दाखवण्याचा त्याला मनस्वी कंटाळा आलेला आहे. अशात खरे परग्रहवासी येतात. त्यांच्याकडे नाटक ही गोष्टच नाही, त्यामुळे ती मालिका म्हणजे पृथ्वीचा खरा इतिहास आहे असे समजून त्यांनी तसेच यान बांधलेले आहे, आणि त्यांचे संकट निवारण्यासाठी ते या नटांना घेऊन जातात.

मला ठसका लागला तो पुढे. आपल्याला पित्यासमान मानणारा एक परग्रहवासी त्या नटाच्या हातांत प्राण सोडतो, आणि आयुष्यभर ज्या वाक्याचा वीट आला तेच वाक्य तो नट पहिल्यांदा मनापासून म्हणतो. हातातली भेळ तशीच राहिली. आमच्याकडे एक ज्येष्ठ नट होते. गणेशोत्सवात त्यांनी केलेल्या एका विनोदी भूमिकेचा विशिष्ट शिंकेचा प्रकार इतका गाजला, की पुढे लग्नात गेले तरी लोक त्यांना शिंकून दाखवायला सांगत. ते शिंकत, आणि घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोलत नसत. रबराच्या मुखवट्यामागे मला तेच दिसत होते.

मी अपेक्षा ठेवली नव्हती हे खरे आहे. पण अपेक्षा नसल्यामुळे मी रडले असे कोणी म्हटले, तर मी मान्य करणार नाही. फार तर इतके म्हणेन, की मी सावध नव्हते.

निपाणकर

उलट बाजूचा अनुभव नोंदवतो. १९९६ चा ‘मार्स अटॅक्स’ मी मोठ्या अपेक्षेने पाहिला होता. टिम बर्टनसारखा दिग्दर्शक, जॅक निकल्सन दोन-दोन भूमिकांत, आणि मूळ कल्पना १९६२ साली च्युइंगगमबरोबर मिळणाऱ्या चित्रपत्त्यांवरून उचललेली. माझ्या लहानपणी आम्हीही गोळ्यांच्या पाकिटांतली चित्रे जमवत होतो, त्यामुळे मला त्याची ओढ होती. पहिल्या तासाभरात एकेक नामवंत नट येतो आणि जळून त्याचा सांगाडा होतो. मी घड्याळ पाहत होतो. मग एका आजीबाईच्या जुन्या रेकॉर्डवरचे, गळा थरथरवत म्हटलेले गाणे ऐकून मंगळवासीयांची डोकी फुटतात असे दिसले, आणि मी एकटाच मोठ्याने हसलो. तेवढा प्रसंग वगळता मी त्या संध्याकाळचा हिशेब तोट्यातच मांडतो. हाच चित्रपट मी अपेक्षा न ठेवता पाहिला असता तर नफ्यात गेलो असतो काय? मला तसे वाटत नाही. फार तर तोटा थोडा कमी झाला असता.

राकसकोप

मंगळवासी आपल्याकडे विसर्जनाच्या रात्री उतरावेत, अशी माझी शिफारस आहे. रेकॉर्ड लागणार नाही, डॉल्बीच्या पहिल्या ठोक्याला काम होईल. आपलीही दोन-चार डोकी फुटतील, परंतु ती दरवर्षीच फुटतात.

हुक्केरी_हून

मूळ चित्रपटाकडे परत येतो. सैन्य येऊन त्या दोन शिक्षकांकडून उल्केची जागा काढून घेते आणि प्रकरण न्यायालयात जाते, तो भाग माझ्या मते सर्वांत वास्तववादी आहे. तीच उल्का आपल्या भागात, संकेश्वर आणि गडहिंग्लज यांच्या मधोमध पडली असती, तर पंचनामा कन्नडमध्ये लिहायचा की मराठीत, यावर पहिली सहा वर्षे गेली असती. त्या सहा वर्षांत परग्रहवासीयांनी दोन्ही भाषा शिकून, दोन्ही बाजूंना रेशनकार्डे काढून, स्वतःची पतसंस्था सुरू केली असती.

आणखी एक बारकावा. त्यातल्या भूगर्भशास्त्राच्या शिक्षकाकडे मुलींच्या व्हॉलीबॉल संघाचीही जबाबदारी आहे. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो आणि गेली नऊ वर्षे खो-खोचा संघही माझ्याकडेच आहे, जनगणना आणि निवडणुकीची कामे वेगळीच. एवढे एक सत्य पाहिल्यावर पुढचे उडते सरडे मी विनातक्रार स्वीकारले.

लोंढा_जंक्शन

जुना_प्रेक्षक यांची कुस्ती आणि हुक्केरी_हून यांचा खो-खो वाचल्यावर मला माझे मत थोडे दुरुस्त करावे लागेल. मी रेल्वेत नोकरी केली आहे. कितीही गंभीर, कितीही पुरस्कारप्राप्त चित्रपट असला, तरी त्यात सिग्नल लाल असताना गाडी फलाटावरून सुटलेली दिसली की माझा तो चित्रपट तिथेच संपतो. आणि एका अत्यंत टुकार विनोदी चित्रपटात स्टेशनमास्तर फोनवर बोलता बोलता सवयीने रजिस्टरात वेळ लिहितो असे दाखवले होते, तो मी तीन वेळा पाहिला आहे. म्हणजे खुळचटपणाला माझा आक्षेप नव्हता, हे मला इथेच कळले. आळसाला होता. ‘इव्होल्यूशन’मध्ये सेनाधिकारी हे केवळ मूर्ख आहेत म्हणून चुका करतात, आगीने ते जीव आणखी वाढतात, तरी ते आगच लावायला निघतात. तिथे लेखकाने सारणी उघडलेली नाही. तेवढा आक्षेप मी मागे घेत नाही.

औषधवाला_खानापूर

लोंढा_जंक्शन, नोकरीत वरिष्ठ असे वागलेले आपण पाहिलेच नाहीत, असे आपले म्हणणे आहे काय?

लोंढा_जंक्शन

हा प्रश्न मी निवृत्तिवेतन सुरळीत चालू असेपर्यंत अनुत्तरित ठेवतो.

तिसरे_गेट

सर्वांचे आभार. या रविवारी मी एक प्रयोग केला. शेजारच्या दोन कुटुंबांना बोलावले, ‘पोट दुखेपर्यंत हसाल’ असे आधीच सांगून ठेवले, कुंदा आणला, चुरमुऱ्यांचा चिवडा केला आणि तोच चित्रपट पुन्हा लावला. पहिला तासभर कोणीही हसले नाही. शेजारचे काका सभ्यपणे पडद्याकडे आणि मधूनमधून कुंद्याकडे पाहत होते. मी प्रत्येक विनोदाच्या आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो आणि त्यामुळे मलाही हसू येईना. बहिणीने मला कोपराने ढोसले, “तू गप्प बस की जरा.”

वडिलांनी मात्र या वेळी वर्तमानपत्र हातात घेतलेच नव्हते. सेलेनियमचा प्रसंग जवळ आला तसे ते उठले, ती लग्नपत्रिका कपाटातून काढून आणली आणि चित्रपट थांबवायला लावून शेजाऱ्यांच्या नववीतल्या मुलीला चारही चौकोन समजावून सांगितले. औषधवाला_खानापूर यांचा गंधकाचा मुद्दाही त्यांनी पत्रिकेच्या कडेला लिहून घेतला होता, तोही सांगितला. मुलीने विचारले, “मग फॉस्फरसवर उभे असलेले परग्रहवासी आले तर काय ओतायचे?” वडिलांनी बोटावर मोजले, पंधरा अधिक सत्तावीस, आणि ‘बेचाळीस, मॉलिब्डेनम’ असे म्हणून क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, “छे, तिथे घर चुकते. मधे संक्रमण मूलद्रव्ये येतात.” या मुद्द्यावर ते दोघे वीस मिनिटे बोलत राहिले. चित्रपट तसाच थांबलेला होता आणि पडद्यावर त्या प्राण्याचे तोंड उघडे राहिले होते. शेजारच्या काकांनी कुंद्याची दुसरी वाटी घेतली. शेवट आम्ही पाहिलाच नाही.

जुना_प्रेक्षक काका, वडिलांनी विचारले आहे की तो दारासिंगाचा चित्रपट कुठे मिळाला, तर आपण आमच्याकडे पाहायला याल काय?

जुना_प्रेक्षक

अवश्य येईन. मात्र कुस्ती सोडलेली दिसली तर मी ओरडणार, हे शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे.